उपचाराच्या शेतीवर वर्ष कसं काढायचं: रोहिणीपासून राब भाजेपर्यंत

आमच्या शेतावर मानसिक आजार असलेली माणसं राहतात, औषधं घेतात आणि शेती करतात. दर वर्षी एप्रिल-मेमध्ये इथे कोणी ना कोणी येतंच. कोणी समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालेलं, कोणी आयटीची नोकरी सोडून आलेलं, कोणी आपल्या भावासाठी नाहीतर मुलासाठी असं काही सुरू करता येईल का म्हणून जागा बघत फिरणारं, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, इथलं टाइमटेबल काय? भिंतीवर लावलंय की, बघा. पण ते पाच महिन्यांपूर्वीचं आहे, कोणी बदललेलंच नाही, कारण खरं टाइमटेबल ठरवतात नक्षत्रं आणि रात्रीच्या गोळ्या. ही दोन जुळवता आली की निम्मं काम झालं. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

आमची जागा मुळशीत, भाताच्या पट्ट्यात. सहा एकर, त्यातली साडेतीन एकर खाचरं, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं, बाकी वरकस, उताराची हलकी जमीन. चार गाई, दोन कुत्री, राहायला 22 माणसं. बहुतेकांना स्किझोफ्रेनिया (भास होतात, आवाज ऐकू येतात), पाच-सहा जणांना बायपोलर (कधी खोल उदासी, कधी अतिउत्साह), तिघं बौद्धिक अक्षमता असलेले. मी सहा महिन्यांसाठी आले होते, नऊ वर्षं झाली. तुमची जागा सोलापूर-बार्शीकडे असेल तर भाताच्या जागी ज्वारी धरा, महिने थोडे मागेपुढे करा, माणसांचं मात्र सगळीकडे सारखंच.

आणि ही आयडिया काही आमची नाही हं. बेल्जियममध्ये गील नावाचं गाव आहे तिथे मध्ययुगापासून मानसिक आजार असलेली माणसं गावकऱ्यांच्या घरात राहतात आणि त्यांच्याबरोबर शेतात जायची, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये गूल्ड फार्म 1913 पासून चालू आहे, आणि इतक्या लांब कशाला, आपल्या वरोऱ्याचं आनंदवन बघा. बाबा आमट्यांनी 1949 ला महारोगी सेवा समिती काढली, तिथला आजार वेगळा, कुष्ठरोग, पण बोटं झडलेल्या माणसांनी बाबांबरोबर विहीर खणली ती कोणाला दाखवायला नाही, पाणी पाहिजे होतं म्हणून. मला या सगळ्यातून एवढंच कळलं की काम खरं पाहिजे. एका ठिकाणी मी बघितलंय, दिवसभर माणसांकडून मणी ओवून घ्यायचे आणि रात्री कार्यकर्ते बसून माळा तोडायचे, मणी परत डब्यात, उद्यासाठी. तुम्हाला वाटतं त्यांना कळत नाही? सगळ्यांना कळतं. शेतीचा फायदाच हा आहे की गाईला खोटं खोटं पाणी पाजता येत नाही.

आधी कागद

हे पटकन उरकते पण टाळू नका. मानसिक आजार असलेली माणसं राहायला ठेवून उपचार-देखभाल करायची तर मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 खाली राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, "आम्ही फक्त शेती करतो हो" असं म्हणून सुटता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम 20 मध्ये स्पष्ट आहे की अशा ठिकाणी कोणावर कामाची सक्ती करायची नाही आणि काम केलं तर योग्य मोबदला द्यायचा. "काम हाच उपचार" म्हणत फुकट राबवून घेणं बसत नाही यात. आमच्याकडे प्रत्येकाचं बँकेत खातं आहे आणि हजेरीप्रमाणे पैसे जातात. रक्कम मोठी नाही, पण दर महिन्याला पासबुक भरायला तालुक्याला जायचं म्हणून आदल्या दिवशी दाढी करणारी माणसं आहेत आमच्यात. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड सगळ्यांचं काढून घ्या, बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम असेल तर सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय हा आरोग्य विमाही बघा, एक लाखापर्यंतचा.

आणि एक डॉक्टर पक्का पाहिजे, जो फोन उचलतो. रात्री-बेरात्री कोणाशी बोलायचंच झालं तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आहे, मराठीत बोलतात, पण तुमच्या माणसाला ओळखणारा डॉक्टर तो डॉक्टर.

मे अखेर ते जून: धूळ आणि धावपळ

रोहिणी 25 मेच्या आसपास लागतं तिथून आमचं वर्ष सुरू. रोपासाठी गादीवाफे, म्हणजे उंच वाफे, करायचे, बी काढायचं, आम्ही इंद्रायणी करतो आणि एका खाचरात आंबेमोहर, तो घरच्यासाठी. बी मिठाच्या पाण्यात टाकायचं, पोचट वर तरंगतं ते काढून टाकायचं, खाली बसलेलं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचं. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. नव्या माणसाला पहिलं काम मी हेच देते, सावलीत बसून आहे, घाई नाही, चूक झाली तर परत धुता येतं, आणि डोळ्यासमोर दिसतं की काय फेकलं आणि काय ठेवलं. जो माणूस दोन महिने खोलीबाहेर पडत नव्हता तो बादलीत हात घालून अर्धा तास बसतो, ते बघण्यासारखं असतं.

पण हाच सगळ्यात डेंजर महिना आहे उन्हाच्या दृष्टीने आणि हे शेतीच्या पुस्तकात नसतं. आपल्या माणसांच्या गोळ्या बघा. पॅसिटेन, म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल, घेणाऱ्याला घाम कमी येतो, अंग तापतं आणि त्याला स्वतःला कळत नाही. क्लोरप्रोमाझिन वाल्यांची कातडी उन्हात भाजते. आणि लिथियमवाले, म्हणजे बायपोलरसाठी ती गोळी घेणारे, यांच्यावर तर डोळ्यात तेल घालून लक्ष. घाम गेला, पाणी कमी प्यायलं की रक्तातलं लिथियम वाढतं, हात नेहमीपेक्षा जास्त थरथरायला लागतात, उलटी, जुलाब, चालताना तोल जातो, बोलणं जड. "ऊन लागलंय, कांद्याचा रस लावा" म्हणून झोपवून ठेवायचं नाही, गाडी काढायची. कंबर दुखते म्हणून कोणीतरी खिशातली आयबुप्रोफेनची गोळी देतं, तीही लिथियमवाल्याला चालत नाही, तिनेही लेव्हल वाढते. म्हणून आमच्याकडे वेदनाशामक गोळी फक्त ऑफिसच्या कपाटातून आणि वहीत लिहून. मीठ बंद करायचं नाही, ताक चालतं, दर पाऊण तासाला शिट्टी वाजते आणि तहान असो नसो सगळे पाणी पितात, मीपण. अकरानंतर शेतात कोणी नाही.

सकाळी लवकर सुरू करावं म्हणाल तर तेही मर्यादेत. गावातला शेतकरी पाचला खाचरात असतो, आमची माणसं रात्रीच्या डोसनंतर सातच्या आधी नीट जागी होत नाहीत. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना साडेपाचला उठवायचे, शिस्त म्हणून. एक काका वाफ्यातच उभ्या उभ्या पेंगून पडले. त्यानंतर शिस्त माझी मीच गुंडाळून ठेवली.

मृग लागायच्या आत, म्हणजे 7 जूनच्या आत, तीन गोष्टी. एक, गाईंना घटसर्प-फऱ्याची लस, आणि लाळ्या-खुरकूत राहिली असेल तर तीही, 2022 ला लम्पी या गुरांच्या त्वचारोगाने काय झालं ते ज्यांनी गोठ्यात बघितलंय ते लस चुकवत नाहीत. दोन, छपरं. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, गोळ्यांचा साठा. आमच्याकडे दरड आली, ओढ्याला पाणी आलं की दोन-तीन दिवस रस्ता बंद, लाइट तर आठवडाभरही नसते. मानसिक आजाराच्या गोळ्या एकदम बंद झाल्या तर काय होतं ते तुम्हाला माहितीच असेल. त्यामुळे मेमध्येच डॉक्टरांकडून दोन महिन्यांची प्रिस्क्रिप्शनं लिहून घ्यायची, औषधं आणून पत्र्याच्या डब्यात, प्रत्येकाच्या नावाच्या पिशवीत, दमट हवेत स्ट्रिपबाहेर काढायची नाहीत.

जुलै: लावणी

यावर जरा जास्त लिहिते कारण सगळं चांगलं आणि सगळं वाईट इथेच होतं.

रोप 21 ते 25 दिवसांचं झालं की उपटायचं, मुठी बांधायच्या, चिखलणी झालेल्या खाचरात लावायचं. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस, या दोघांच्या मध्ये सगळं उरकलं पाहिजे असं इथले लोक म्हणतात. काम वाटताना मी असं करते. ज्याला सतत आवाज ऐकू येतात त्याला रोप उपटायला, बाजूला गप्पा मारणारा एक जण देऊन, हात आणि कान दोन्ही गुंतलेले राहतात. ज्याचे हात औषधाने थरथरतात त्याला मुठी वाहायला, लावायला नाही, वाकडी ओळ आली की तो स्वतःच हिरमुसतो. फिट येणाऱ्याला खाचरात एकटं सोडायचं नाही, विहिरीकडे, कडबाकुट्टीकडे आणि झाडावर तर अजिबात नाही, चार बोटं पाणीही पुरतं बुडायला. ज्याला गर्दी सोसत नाही त्याला बांधावर खेकड्याची बिळं बुजवायचं काम, ते एकट्याचं आहे आणि फार गरजेचं आहे, नाहीतर सगळं पाणी खालच्या खाचरात. आणि ज्याला आज काहीच करायचं नाही त्याने बांधावर बसायचं, इरलं नाहीतर प्लास्टिक घेऊन. दोन दिवस बसतो, तिसऱ्या दिवशी कोणीतरी "जरा ती मूठ दे रे" म्हणतं आणि तो देतो.

आता माझी चूक सांगते. तिसऱ्या वर्षीची लावणी. आमच्यात एक दादा होता, तिशीतला, बायपोलर, एरवी शांत. पाऊस चांगला लागला आणि हा अंगात आल्यासारखा कामाला लागला. पहाटे साडेचारला उठून रोप उपटायचा, आम्ही चहा घेऊन खाली पोचायच्या आत शंभर मुठी बांधून ठेवलेल्या. गाणी म्हणायचा, सगळ्यांना हसवायचा, ओळ अशी सरळ की गावातले बघायला थांबायचे. आम्ही खूश. मी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या, म्हटलं बघा दादाकडून शिका. तिसऱ्या दिवशी दुपारी तो मला म्हणाला ताई मी शेजारची वीस एकर खंडाने घेतो, ट्रॅक्टरवाल्याशी बोललोय. बोलला होता खरंच, माझ्याच फोनवरून. चौथ्या रात्री झोपलाच नाही, पाचव्या दिवशी दवाखाना, अठरा दिवस. आणि परत आला तेव्हा लावणी संपलेली, खाली मान घालून म्हणाला, मी चांगलं काम करत होतो ना?

तेव्हापासून आमच्याकडे झोपेची वही आहे. लावणीत आणि कापणीत रोज सकाळी रात्रपाळीवाला कार्यकर्ता लिहितो, कोण किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं. सलग दोन रात्री पाच तासांच्या खाली कोणी गेलं की त्याचं काम अर्धं, त्याच दिवशी डॉक्टरला फोन. लोकांना वाटतं मानसिक आजारात काम न करणारा माणूस म्हणजे काळजीचं कारण, शेतीवर उलटंही असतं, जो अचानक फार काम करतो त्याच्याकडे आधी बघा. आणि टाळ्या एकट्याला द्यायच्या नाहीत, आम्ही आता खाचर पूर्ण झालं की खाचराला टाळ्या वाजवतो. वेडेपणा वाटेल पण चालतंय.

दुसरं, सावड. इथे अजून थोडी शिल्लक आहे, आज तुमच्याकडे आम्ही, उद्या आमच्याकडे तुम्ही. सुरुवातीची चार वर्षं गाव आमच्या माणसांना लांबूनच बघायचं, मदतीला यायचे पण बदल्यात माणसं मागायचे नाहीत, "राहू द्या, त्यांना कशाला तरास". ते चांगुलपणाने म्हणायचे पण तो टोमणा आम्हाला बरोबर लागायचा. मग एका पावसाळ्यात वरच्या वाडीतली आजी रात्री छत्री घेऊन आली, दारातूनच म्हणाली, "पोरी, उद्या चार माणसं दे गं, माझी दोन खाचरं राहिलीत. आणि ती न बोलणारी बाई धाडच, तिचा हात लई सरळ हाय."

ती मावशी आमच्याकडे आल्यापासून दिवसाला दहा-बारा शब्द बोलत असेल. गेली दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी आली तर पदराला बांधलेली भाकरी आणि सुकट, आजीने दिलेली, कोणाला हात लावू दिला नाही. हे तुम्हाला मुद्दाम घडवून आणता येत नाही, पण गावाकडे मदत मागायला जाताना बदल्यात आमची चार माणसं येतील हे पहिल्या वर्षापासून म्हणत राहा, नाही म्हणू देत.

पायात गमबूट सगळ्यांना, सक्तीने. चिखलात उंदराच्या मुतातून लेप्टो नावाचा ताप होतो, पायाला जखम असेल तर त्या दिवशी खाचर बंद. ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखतायत असं झालं की लगेच आरोग्य केंद्र. आणि क्लोझापिन ही स्किझोफ्रेनियाची गोळी घेणाऱ्याला साधा ताप आला, घसा धरला, तरी साधा समजायचा नाही, त्या गोळीने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, त्याच दिवशी रक्ताची तपासणी. पावसाळ्यात सगळ्यांचाच घसा धरलेला असतो त्यात हा एक जण निसटतो, म्हणून क्लोझापिन घेणाऱ्यांच्या नावांची यादी आम्ही थर्मामीटरच्या डबीलाच चिकटवलीय.

साप. झोपायला सगळ्यांना खाट आणि मच्छरदाणी खोचलेली, जमिनीवर कोणी नाही. मण्यार रात्री चावते, बरेचदा दुखतही नाही, खूण दिसत नाही. सकाळी माणूस पापण्या जड करून बसलेला दिसतो आणि आपण म्हणतो रात्रीचा डोस जास्त झाला वाटतं. आमच्यासारख्या ठिकाणी हा घोटाळा कुठेही होऊ शकतो. पापण्या पडतायत, पोटात दुखतंय, गिळता येत नाही, तर डोसबिस नंतर, आधी प्रतिविष असलेलं हॉस्पिटल. बांधायचं नाही, कापायचं नाही, हात-पाय हलवू द्यायचा नाही. कुठल्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष आहे ते जूनमध्येच विचारून ठेवा.

ऑगस्ट: रिकामे हात

लावणी संपली की दहा दिवस सगळे खूश, हातपाय शेकतात, झोपतात. मग ऊनच नाही. तीन तीन आठवडे सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल, सगळ्यांना कुबट वास. उदासी इथे येते आणि हळूच येते, माणूस जेवायला उशिरा येतो, मग अंघोळ चुकवतो, मग भिंतीकडे तोंड करून झोपून राहतो. मी आता जुलै संपायच्या आतच ऑगस्टची कामं लावून ठेवते.

सगळ्यात उपयोगी पडली ती आळिंबी, म्हणजे मशरूम, त्यातली धिंगरी. पेंढा घरचाच असतो. भिजवायचा, उकळत्या पाण्यातून काढायचा, निथळवायचा, पिशव्यांत थर देत स्पॉन, म्हणजे आळिंबीचं बी, भरायचं, अंधाऱ्या खोलीत टांगायच्या. पंधरा-वीस दिवसांत पिशवी पांढरीशुभ्र होते, मग भोकातून कोंब, आणि कोंब आल्यावर तर सकाळी बघितलेलं आणि संध्याकाळी बघितलेलं वेगळं असतं. उदास माणसाला "सहा महिन्यांनी बरं वाटेल" हे ऐकू येत नाही पण काल एवढी होती आज एवढी झाली हे दिसतं. दिवसातून तीनदा पाणी फवारायला जावंच लागतं, म्हणजे खाटेवरून तीनदा उठावंच लागतं. काढताना तोंडाला फडकं बांधा, बीजाणूंनी खोकला होतो.

बाकी रानभाज्या. कुर्डू, टाकळा, भारंगी, बांधावर सगळं असतं. ओळखणाऱ्या माणसाबरोबरच जायचं, आणि रानातून आलेलं सगळं स्वयंपाकघरात ताईने बघितल्याशिवाय चुलीवर चढत नाही. आभाळ अर्धा तास उघडलं तरी हातातलं टाकून सगळ्यांना अंगणात काढायचं, मीटिंग चालू असली तरी.

सप्टेंबर-ऑक्टोबर: सण आणि घर

गणपती-गौरी छान जातात, डोंगरावर सोनकी फुलते, भात पोटरीत येतं, बघणाऱ्याला वाटतं स्वर्ग आहे. रानडुकरांचा त्रास सुरू होतो. रात्रीची राखण आपल्या माणसांना द्यायची नाही, कितीही मागे लागले तरी, एक तर झोप मोडते आणि दुसरं, अंधारात एकट्याने पत्रा वाजवत बसलं की ज्याला आवाज येतात त्याला जास्त येतात. राखणीला गावातला माणूस ठेवतो, पैसे जातात, जाऊ देत.

खरी परीक्षा दिवाळी. 22 पैकी आठ-नऊ जणांना घरी बोलावतात, बाकीच्यांना नाही. कोणाचे आईवडील गेलेले, कोणाच्या भावाचं लग्न झालंय आणि वहिनीला भीती वाटते, कोणाच्या घरचे दर वर्षी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणतात. घरी न जाणाऱ्यांसमोर बॅगा भरणं हे फार वाईट दृश्य असतं. आम्ही दोन गोष्टी करतो. घरच्यांना दसऱ्यालाच विचारून हो किंवा नाही असं स्पष्ट घ्यायचं, "बघू" घेत नाही, आणि ते जसंच्या तसं त्या माणसाला सांगायचं, खोटी आशा नाही. आणि दिवाळीच्या दिवसांत सगळ्यात मानाचं काम जे राहिलेत त्यांच्याकडे, वसुबारसेला गाय-वासराची पूजा तेच करतात, लोण्यासारखं मऊ वासरू असेल तर अजून बरं. घरी गेलेल्यांबरोबर गोळ्यांची पाकिटं तारीख टाकून द्या आणि फोन करून विचारा, कारण दोन दिवस बरा दिसतोय म्हणून घरचेच गोळी बंद करतात, "एवढी झोप कशाला येते रे तुला?" असं म्हणून.

नोव्हेंबर: कापणी

इंद्रायणी 135-140 दिवसांत तयार होतो म्हणजे दिवाळीच्या पुढेमागे. विळे. पाहुणे हमखास विचारतात, "यांच्या हातात विळा देता?" हो देतो. चौदा विळे आहेत, मुठींना रंग आणि नंबर, सकाळी मोजून बाहेर संध्याकाळी मोजून आत, नंबर लिहिलेल्या खिळ्यावर. कुठल्याही वर्कशॉपमध्ये हत्यारं अशीच ठेवतात. कोणाला द्यायचा ते रोज सकाळी त्या माणसाकडे बघून ठरवायचं, कालच्या रेकॉर्डवर नाही, आणि आज नाही म्हणालात तर कारण तोंडावर सांगायचं, "काल रात्री झोपला नाहीस, आज भारे वाहा." कुजबुज नको. विषारी औषधं मात्र शेतावर ठेवतच नाही, कीटकनाशक नाही, उंदराचं औषधही नाही, यात चर्चा नाही. धान्याला पत्र्याची कोठी आणि दोन मांजरं.

झोडणीसारखं काम दुसरं नाही. खळ्यावर फळी ठेवायची, पेंढी डोक्यावरून आणून हाणायची, दाणे उडतात. ज्याच्या पोटात राग आहे, आणि आमच्याकडे तो नाही असं कोणाचंच पोट नाही, त्याने तासभर झोडावं. यंत्र आहे गावात, दोन तासांत होईल, मुद्दाम नाही आणत. पण संध्याकाळी सहाला बंद, लाइट लावून रात्री झोडत बसायचं नाही, झोपेची वही परत चालू झालेली असते. मग पोती मोजायची. चांगल्या वर्षी एकरी 15-16 क्विंटल भात निघतं, वजनकाट्याशी सगळे उभे असतात, आकडा फळ्यावर, मागच्या वर्षीचाही शेजारी. नव्या तांदळाचा भात पहिल्या दिवशी हमखास चिकट होतो, नवा इंद्रायणी आहे, पाणी कमी घाला, हे दर वर्षी स्वयंपाकघरात सांगावं लागतं.

डिसेंबर ते एप्रिल

थंडीत खाचरातल्या ओलीवर वाल, हरभरा, आणि थोडा भाजीपाला. काम कमी, हवा चांगली, म्हणून पाहुणे येतात आणि हा एक वेगळाच हंगाम आहे. एका कंपनीची चाळीस माणसं आली होती एकदा, टीशर्ट घालून, दोनशे रोपं लावली, सेल्फी काढले, भज्या खाल्ल्या, गेले. मेपर्यंत पाणी आम्ही घातलं, जगली अकरा. आता नियम आहे, यायचं तर आमच्या माणसाच्या हाताखाली काम करायचं, तो सांगेल तसं, फोटो नाही, आणि "तुला काय झालंय?" हा प्रश्न नाही. निम्मे लोक मग येतच नाहीत, बरं होतं.

नवीन माणसाला राहायला घ्यायचं असेल तर याच महिन्यांत घ्या, लावणीत नको. शांत वेळ असते, गोठ्यापासून सुरू करता येतं, सकाळ-संध्याकाळ ठरलेलं काम. गाय जात-पात, डायग्नोसिस काही विचारत नाही, फक्त हात गार आहे का बघते. पहिला महिना नुसतं पाणी, वैरण, शेण, धार नंतर.

फेब्रुवारीपासून राब. इथली जुनी पद्धत, पालापाचोळा, फांद्या, शेण, गवत यांचे थर रोपाच्या जागेवर पसरून वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवायचं, तणाचं बी जळतं. कृषी खातं म्हणतं भाजू नका गादीवाफा करा, आणि आम्ही बहुतेक तेच करतो, पण एक छोटा तुकडा अजून भाजतो कारण गोळा करायचं काम दोन महिने पुरतं आणि ते सगळ्यांना जमतं. पेटवताना फक्त दोघं, कार्यकर्ते, भोवती जमीन साफ करून, पाण्याचे ड्रम भरून, सकाळी वारा पडलेला असताना. बाकीचे लांब बांधावर बसून बघतात. ती न बोलणारी मावशी दर वर्षी त्याच दगडावर बसते, राख गार झाली की जाऊन पायाने चाचपते आणि "झालं" म्हणते. तो त्या दिवसाचा एक शब्द.

मार्चपासून परत अकराला शेत बंद आणि पाण्याची शिट्टी. गांडूळखताच्या बेडवर ओलं गोणपाट. आंबे-करवंदं आली की मुलांसारखी भांडणं, होऊ देत. एप्रिलमध्ये गमबूट बाहेर काढा, उन्हात वाळवा, आत विंचू आहे का उलटे करून झटका, मापाप्रमाणे जोड्या लावा. दर वर्षी एक डावा बूट कमी भरतो, मी नऊ वर्षांत एकदाही तो कुठे जातो ते शोधू शकलेले नाही, तेव्हा दोन जोड जास्तीचेच आणा.